चुकलेल्या भेटीचे शुल्क : दंतोपचारातील करार, भरपाई आणि ग्राहकाचा हक्क
(समुद्रपूर तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

दातांच्या खासगी दवाखान्यात ठरवून घेतलेल्या वेळी रुग्ण उपस्थित न राहिल्यास त्याच्याकडून ठरावीक रक्कम आकारण्याची पद्धत मोठ्या शहरांत रुजली असून ती आता तालुक्याच्या रुग्णांपर्यंतही पोहोचत आहे. हे शुल्क सर्वस्वी बेकायदेशीर आहे असे रुग्णास वाटते. ते आपले निर्विवाद येणे आहे असे दंतवैद्यास वाटते. प्रस्तुत लेखात भारतीय संविदा अधिनियम, १८७२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांच्या आधारे या दोन्ही भूमिका तपासल्या आहेत. असे शुल्क केवळ भरपाई म्हणून आणि भरपाईच्या मर्यादेतच टिकू शकते, दंड म्हणून नव्हे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : दंतोपचार, चुकलेली भेट, वाजवी भरपाई, दंड, अनुचित करार, ग्राहक आयोग.

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा प्रामुख्याने कापूस आणि सोयाबीन पिकवणारा तालुका आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग याच तालुक्यातील जाम येथून जातो. परंतु तालुक्याच्या गावी रेल्वे नाही. दातांच्या किचकट उपचारासाठी येथील रुग्ण हिंगणघाट, वर्धा, सावंगी (मेघे) किंवा नागपूर गाठतो. दाढेच्या मुळावरील उपचार, म्हणजे रूट कॅनाल, अनेकदा दोन-तीन भेटींत पूर्ण होतो. दात बसवणे, कवळी करणे किंवा वाकडे दात तारेने सरळ करणे यांसाठी त्याहून अधिक खेपा कराव्या लागतात. प्रत्येक खेपेची वेळ आगाऊ ठरते आणि त्या वेळेला पोहोचणे हे पुष्कळदा एसटीच्या गाडीवर, पावसावर आणि शेतीच्या हंगामावर अवलंबून असते.

अशा रुग्णास पुढील खेपेस 'मागील वेळ चुकवल्याबद्दल' म्हणून पाचशे किंवा हजार रुपये मागितले गेले, तर त्याने काय करावे? रक्कम लहान असल्यामुळे बहुतेक लोक कुरकुर करून ती भरतात, अथवा उपचार अर्धवट टाकून दुसरा दवाखाना शोधतात. पहिल्या मार्गाने अन्याय झाला असल्यास तो मुकाट्याने पचवला जातो. दुसऱ्या मार्गाने दात गमावण्याची वेळ येते. म्हणून रकमेचा आकार लहान असला तरी प्रश्न लहान नाही.

वेळेची किंमत : दंतवैद्याची बाजू

या प्रश्नाचा विचार दंतवैद्याच्या बाजूपासून सुरू करणे न्याय्य ठरेल. सर्वसाधारण वैद्यकीय दवाखान्यात रुग्ण रांगेत बसतात आणि एकजण आला नाही तर पुढचा आत जातो. दंतवैद्यकाचे तसे नाही. एका खुर्चीवर एका वेळी एकच रुग्ण घेता येतो आणि कामाच्या स्वरूपानुसार अर्धा-पाऊण तास, प्रसंगी त्याहून अधिक वेळ राखून ठेवावा लागतो. जागेचे भाडे, खुर्ची व यंत्रसामग्रीच्या कर्जाचे हप्ते, मदतनिसाचा पगार आणि वीज हा खर्च रुग्ण आला तरी होतो आणि न आला तरी होतो. त्या वेळेसाठी दुसऱ्या रुग्णास नकार दिला असेल, तर त्याचीही गैरसोय होते. तेव्हा न कळवता वेळ चुकवणे ही केवळ शिष्टाचाराची उणीव नसून तिच्यामुळे प्रत्यक्ष आर्थिक हानी होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि 'होऊ शकते' आणि 'झाली' यांत अंतर आहे. रुग्ण न आल्याने भूल देण्याचे औषध, भरणाचे साहित्य आणि हातमोजे वापरले जात नाहीत. तेवढा खर्च वाचतो. दाराशी ताटकळत असलेला दुसरा रुग्ण त्या वेळेत तपासला गेला असेल, तर हानी आणखी कमी होते. शिवाय उपचार रद्द झालेला नसून पुढे ढकलला गेला असेल, तर त्या कामाचे ठरलेले पैसे दंतवैद्यास नंतर मिळणारच असतात. ज्या दवाखान्यात सर्व वेळा भरलेल्या असतात तेथे वाया गेलेला पाऊण तास खरोखर गमावला जातो. जेथे खुर्ची एरवीही रिकामीच राहते तेथे तो गमावला जात नाही. शुल्काचा वाद अखेर याच हिशेबाशी येऊन थांबतो.

करार झाला होता काय?

कोणतेही शुल्क मागण्यासाठी कायद्याचा किंवा कराराचा आधार लागतो. रुग्णाने भेट चुकवल्यास दंतवैद्यास ठरावीक शुल्क मिळावे अशी तरतूद करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून आधार कराराचाच उरतो. संविदा अधिनियमानुसार एका पक्षाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो समजून स्वीकारावा, तेव्हाच त्याच्या अटी दोघांना बांधतात. फोनवरून 'गुरुवारी अकरा वाजता या' एवढेच सांगितले गेले असेल, तर न आल्यास पाचशे रुपये द्यावे लागतील ही अट त्यात येत नाही. नंतर दाखवलेला फलक किंवा नंतर हाती दिलेले कार्ड मागील भेटीला लागू करता येत नाही.

अट आगाऊ छापलेली असली तरी ती आपोआप बंधनकारक होते असेही नाही. कपडे धुण्याच्या दुकानाच्या पावतीमागे छापलेल्या अटीचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी या प्रकरणात आला होता (निर्णय १९६६ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध). कपडा हरवल्यास किमतीचा ठरावीक अल्प हिस्साच मिळेल, ही छापील अट न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयानेही सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली (१९८६) या निर्णयात, सौदाशक्ती अत्यंत विषम असताना दुर्बळ पक्षावर लादलेल्या अन्यायकारक अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत, हे तत्त्व मांडले. दुखऱ्या दाढेने खुर्चीवर बसलेला रुग्ण अटींची घासाघीस करू शकत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

मात्र उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णास त्याच्या भाषेत नियम समजावून सांगितला, लेखी दिला आणि त्याने त्यावर स्वाक्षरी केली, तर 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव उरत नाही. अशा वेळी प्रश्न रकमेच्या वाजवीपणाचा होतो.

भरपाई आणि दंड यांतील भेद

संविदा अधिनियमाचे कलम ७३ असे सांगते की, करारभंगामुळे स्वाभाविकपणे उद्भवलेल्या हानीची भरपाई मिळते. दूरान्वयाने झालेल्या हानीची नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार हानी मोजताना, ती टाळण्याची जी साधने हाती होती तीही विचारात घ्यावयाची असतात. कलम ७४ करारात आधीच लिहिलेल्या रकमेविषयी आहे. अशी रक्कम लिहिलेली असली तरी तक्रारदार पक्षास 'वाजवी भरपाई' मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे फलकावर हजार रुपये लिहिले म्हणून हजार रुपये देय होत नाहीत. हजारापर्यंत जे वाजवी असेल ते देय होते.

सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निर्णयात हा अर्थ स्पष्ट केला. घराच्या व्यवहारात खरेदीदाराने दिलेल्या २५,००० रुपयांपैकी विक्रेत्यास केवळ १,००० रुपयांची इसाररक्कम ठेवून घेता आली. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) हा निर्णय आपल्या विषयास अधिकच जवळचा आहे. तेथे १९८२ च्या लिलावात ३.१२ कोटी रुपयांना घेतलेल्या भूखंडाची ७८ लाखांची इसाररक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती. पुढे तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला गेला. हानीच झालेली नसताना रक्कम जप्त करता येणार नाही, कलम ७४ खालील भरपाईसाठी हानी ही पूर्वअट आहे, असे न्यायालयाने म्हटले. हानी सिद्ध करणे अवघड किंवा अशक्य असेल तेथे आगाऊ केलेला प्रामाणिक अंदाज स्वीकारता येतो, हेही त्याच निर्णयात नमूद आहे. भूखंड कोट्यवधींचा आणि दाताची भेट पाचशेची असली, तरी लागू होणारे तत्त्व एकच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दवाखाना पूर्ण भरलेला आहे, एका भेटीचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि चुकलेल्या भेटीचे शुल्क करारात १,००० रुपये आहे. न वापरलेल्या साहित्याचे ४०० रुपये वाचले, तर संभाव्य हानी १,१०० रुपये होते. त्या वेळेत दुसरा रुग्ण तपासून ६०० रुपये मिळाले असतील, तर खरी हानी ५०० रुपये उरते आणि हजाराची मागणी दुप्पट ठरते. खुर्ची पूर्णपणे रिकामी राहिली असेल, तर मात्र हजाराची मागणी गैर म्हणता येणार नाही. एकाच रकमेचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते ते असे.

महाविद्यालयीन अध्यापकांस हे तत्त्व अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २००७ च्या सूचनेत, अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रक्रियाशुल्कापोटी १,००० रुपयांपेक्षा अधिक न कापता उर्वरित रक्कम परत करावी आणि रिक्त जागी प्रतीक्षायादीतील विद्यार्थी घ्यावा, असे सांगितले होते. नंतर परताव्याचे नियम बदलत गेले. परंतु रिकामी झालेली जागा भरली गेल्यावर आधीच्या विद्यार्थ्याकडून पूर्ण शुल्क ठेवून घेणे न्याय्य नाही, हा त्यामागचा विचार दंतवैद्याच्या खुर्चीलाही लागू पडतो.

ग्राहक कायद्यातील स्थान

इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १३ नोव्हेंबर १९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यातील 'सेवा' ठरला. दंतोपचारही त्याच न्यायाने या कक्षेत येतो. सर्वांना विनामूल्य मिळणारी सेवा मात्र या कक्षेबाहेर आहे. २०१९ च्या अधिनियमानुसार मोबदला दिलेला, देण्याचे कबूल केलेला किंवा अंशतः दिलेला असला तरी व्यक्ती ग्राहक ठरते. म्हणून उपचाराच्या मधल्या टप्प्यावरील रुग्ण निश्चितच ग्राहक आहे.

या अधिनियमातील कलम २(४६) मधील 'अनुचित करार' ही व्याख्या आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. करारभंगामुळे दुसऱ्या पक्षास झालेल्या हानीच्या मानाने पूर्णतः विषम असा दंड ग्राहकावर लादणे, तसेच ग्राहकास प्रतिकूल ठरणारे अवाजवी शुल्क किंवा अट लादणे, या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत समाविष्ट आहेत. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. एखादी अट अनुचित करार म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार अधिनियमाने राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांना दिला आहे. जिल्हा आयोगापुढे जाताना तक्रार सेवेतील त्रुटी, जादा आकारणी किंवा अनुचित व्यापारी प्रथा या स्वरूपात मांडणे इष्ट ठरते. एकतर्फी अटी घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन (२०१९) या गृहबांधणीच्या प्रकरणात, १९८६ च्या जुन्या कायद्याखालीच, मान्य केले आहे.

एकतर्फीपणाची कसोटी आपल्या विषयात सहज लावता येते. रुग्ण पंधरा मिनिटे उशिरा आला तर शुल्क, पण दंतवैद्याने दीड तास बसवून ठेवले किंवा ऐनवेळी भेट रद्द केली तर काहीच नाही, अशी अट समतोल म्हणता येईल काय? समुद्रपूरहून नागपूरला जाणाऱ्या शिक्षकाची एक किरकोळ रजा खर्ची पडते, मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. वेळेला किंमत आहे हे तत्त्व मान्य केले, तर ती दोन्ही बाजूंच्या वेळेला आहे.

अर्धवट उपचार आणि शुल्काची वसुली

या वादाचा सर्वांत गंभीर भाग पैशाचा नसून आरोग्याचा आहे. रूट कॅनालमध्ये दाताची पोकळी उघडून, स्वच्छ करून, औषध घालून वर तात्पुरते भरण केले जाते. हे भरण झिजले किंवा निघाले, तर लाळेतील जंतू पुन्हा आत शिरतात, संसर्ग बळावतो आणि दात काढावा लागू शकतो. अशा टप्प्यावर 'आधी मागचे शुल्क भरा, मगच पुढचे काम' अशी भूमिका घेतल्यास वादग्रस्त रकमेसाठी रुग्णाचा दात ओलीस राहतो. एकदा हाती घेतलेल्या रुग्णाकडे दुर्लक्ष करू नये, पुरेशी सूचना दिल्याविना त्यास सोडू नये, हे वैद्यकीय नीतीचे प्रस्थापित तत्त्व आहे. दंतवैद्यास रुग्ण नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु ते उपचार सुरू होण्यापूर्वी जितके मोकळे असते तितके नंतर राहत नाही.

हाच विचार कागदपत्रांनाही लागू होतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नोंदी व अहवाल मिळण्याचा आणि दरांच्या पारदर्शकतेचा हक्क समाविष्ट आहे. ही सनद स्वतः कायदा नसली, तरी चांगल्या व्यवहाराचे मोजमाप म्हणून तिचा आधार घेता येतो. क्ष-किरण चित्रे अडवून वादग्रस्त शुल्क वसूल करणे या मोजमापात बसत नाही.

वेळ चुकण्याची कारणे

न कळवता घरी बसून राहणे आणि नाल्याला पूर आल्यामुळे रस्ता बंद होणे यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात खेड्यातील किती माणसांच्या किती ठरलेल्या वेळा हुकल्या असतील याची कल्पना करता येते. संविदा अधिनियमाच्या कलम ५६ मधील अशक्यतेचे तत्त्व अशा प्रत्येक प्रसंगी लागू होईलच असे नाही, कारण न्यायालये अशक्यता आणि अडचण यांत फरक करतात. तरीही रुग्णाने शक्य तितक्या लवकर फोन केला होता काय, आणि दवाखान्याने दुसरी वेळ देण्याची तयारी दाखवली काय, या गोष्टी वाजवीपणा ठरवताना महत्त्वाच्या ठरतात.

अन्य देशांतील अनुभवही तारतम्याकडेच निर्देश करतो. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेअंतर्गत उपचार करणाऱ्या दंतवैद्यांना चुकलेल्या भेटीचे शुल्क घेता येत नाही. मात्र वारंवार वेळ चुकवणाऱ्याचा उपचार ते थांबवू शकतात. खासगी दंतवैद्य असे शुल्क घेऊ शकतात. पण अट न्याय्य असावी लागते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२२ मध्ये, राखून ठेवलेल्या वेळेचा मोबदला तत्त्वतः मागता येतो असे मान्य केले. तथापि त्यापुढील प्रकरणात करोनाकाळातील निर्बंधांमुळे दावा फेटाळला.

हरकत नोंदवण्याची पद्धत

वादास तोंड फुटण्यापूर्वीच पुढील क्रम अनुसरल्यास बहुतेक प्रकरणे दवाखान्यातच मिटू शकतात.

१. आकारणीचे लेखी बिल मागावे. त्यात रक्कम कोणत्या दिवसाच्या, कोणत्या भेटीसाठी आणि कोणत्या अटीनुसार आहे हे नमूद असावे. बिलात वस्तू व सेवा कर लावला असल्यास त्याचाही खुलासा मागावा. रद्दीकरण शुल्कास मूळ सेवेप्रमाणेच कर लागू होतो, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात म्हटले आहे, आणि आजारावरील उपचार करमुक्त आहेत.

२. भेट ठरल्याचे, रद्द केल्याचे वा फोन केल्याचे पुरावे जपावेत. मोबाइलमधील संदेश पुसू नयेत.

३. थोडक्यात लेखी उत्तर द्यावे. अट आगाऊ सांगितली होती काय, त्या वेळेत दुसरा रुग्ण घेतला काय आणि रक्कम कशी काढली, हे तीन प्रश्न विचारावेत. आपली चूक असल्यास वाजवी रक्कम देण्याची तयारीही त्याच पत्रात दाखवावी. अशा तयारीने आपली बाजू दुबळी होत नाही.

४. उपचार थांबू नये म्हणून रक्कम भरावी लागलीच, तर 'हरकत राखून' असे लिहून भरावी व पावती घ्यावी. चुकीने किंवा दबावाखाली दिलेली रक्कम परत करण्याचे दायित्व संविदा अधिनियमाच्या कलम ७२ मध्ये आहे.

५. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रश्न असल्यास राज्य दंत परिषदेकडे जाता येते. पैसे परत मिळवून देणे हे मात्र परिषदेचे मुख्य काम नव्हे.

६. अखेरचा मार्ग वर्धा येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथेही तक्रार करता येते, ही २०१९ च्या अधिनियमाची मोठी देणगी आहे. दवाखाना नागपूरचा असला तरी समुद्रपूरच्या रहिवाशास नागपूरला खेटे घालण्याची आवश्यकता नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन तक्रारीची सोय आहे आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

रक्कम अद्याप भरलेली नसेल, तर वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जाण्याची आणि हानी दाखवण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे, हेही ध्यानात ठेवावे. केवळ मागणी झाली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

चुकलेल्या भेटीचे शुल्क स्वभावतः अवैध नाही आणि स्वभावतः देयही नाही. ते आगाऊ व स्पष्ट सांगितलेले असावे, रुग्णाने समजून स्वीकारलेले असावे, प्रत्यक्ष किंवा प्रामाणिकपणे अंदाजलेल्या हानीशी सुसंगत असावे, न टाळता येणाऱ्या कारणांस त्यात वाव असावा आणि त्यापायी चालू उपचार अडवला जाऊ नये. या पाच कसोट्यांवर उतरणारे शुल्क रुग्णाने द्यावे. न उतरणाऱ्यास त्याने लेखी हरकत घ्यावी. दंतवैद्यांनीही कार्डावर दोन ओळी मराठीत छापल्या, आदल्या दिवशी आठवणीचा फोन केला आणि पहिली चूक माफ करण्याची प्रथा पाळली, तर वादाचे प्रसंगच विरळ होतील. बसची वेळ आणि दवाखान्याची वेळ जुळवत दूरवरून येणाऱ्या रुग्णास दिलेली ही सवलत उपकार नसून व्यवहारातील समतोल आहे.